पिशवीतला मुकुट

वार्झेया दो मेल, ३ डिसेंबर

जुरांदीर,

वर नुसतं नाव लिहिलंय ते मुद्दाम. 'दादा' लिहायला हात वळत नाही. चार वर्षं वळला नाही, आजच का वळावा? आणि फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुझा आवाज ऐकला की माझा आवाज चढतो, आवाज चढला की धाप लागते, आणि डॉक्टरने धाप लागू देऊ नका म्हणून बजावलंय.

आईने तुझा नवा फोटो फ्रीजवर लावला. कुठल्याशा बागेत, धावायचे बूट घालून, एक पाय बाकावर ठेवून तू नाडी बांधतोयस. माणसाचे इतके फोटो असतात, तुला नेमका हाच सापडला पाठवायला? मी स्वतःच्या हाताने नाडी कधी बांधली ते मला आठवत नाही. माझे बूट दालवा घालून देते. नवऱ्याचे म्हणून कुरकुर करत नाही बिचारी, पण खाली बसताना तिचा गुडघा कट्टकन वाजतो आणि तो मला रोज ऐकू येतो.

आणि फोटो लावलाय कुठे, तर माझ्या फोटोवर! मागच्या कार्निव्हलचा माझा फोटो, डोक्यावर मुकुट, हातात गावाची किल्ली. आता त्यातला मुकुटाचा शेंडा आणि माझं एक कोपर तेवढं दिसतं. मी म्हटलं, "आई, फ्रीजला दुसरी बाजू नाही का?" तर म्हणते, "चुंबक एकच आहे रे राजा." चुंबक एक आणि मुलं दोन, त्याला ती तरी काय करणार.

मुद्द्यावर येतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत माझा नंबर लागला. पोटाचं ऑपरेशन. तू करून घेतलंस तेच. जठर कापून मुठीएवढं करायचं. तारीख दिलीय कार्निव्हलच्या आदल्या दिवशीची, गुरुवारची.

दालवाचं म्हणणं, एक क्षण विचार करू नका. ती माझ्या शेजारी झोपते ती हाताशी केरसुणीचा दांडा घेऊन. माझा श्वास अडकला की ती दांड्याने ढोसते, मी घर्रकन श्वास घेतो, मग ती कूस बदलते. डॉक्टर म्हणजे कालची पोरगी आहे, पण स्पष्ट बोलते. म्हणाली, "आदमास्तोर, हे केलं नाहीत तर तुम्ही पन्नाशी बघाल असं मी लिहून देणार नाही." मी सत्तेचाळीसचा झालो. तू अठ्ठेचाळीसचा झालास आणि नाड्या बांधतोयस.

मग अडलंय कुठे? तुला चांगलं माहीत आहे. एकशेवीस किलोच्या खालचा माणूस या गावात कार्निव्हलचा मोमो राजा होत नाही. वर्षभर मी बसस्टँडसमोरच्या टपरीत किल्ल्या कापत बसतो. टपरीचं दार काढून ठेवावं लागलं, कारण दारासकट मी आत मावत नव्हतो. शाळेतली पोरं मला बघून गाल फुगवतात. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी नगराध्यक्ष माझ्या हातात किल्ली देतो, आणि तिथपासून कार्निव्हल संपेपर्यंत, राखेच्या बुधवारपर्यंत, गाव माझं असतं. तीच पोरं माझ्या पोटाला हात लावायला रांग लावतात. ऑपरेशन केलं की हे संपलं.

आणि दुसरं, तेही लिहूनच टाकतो. तू केलंस तेच मी मागून करायचं, हे मला नको आहे. लहानपणी तुझ्या उतरलेल्या शर्टांत वाढलो. तू राजा होतास तेव्हा मागून तुझा झगा सावरत चाललो. मुकुट मिळाला तोही तू टाकलास म्हणून मिळाला, आणि कसा? बेकरीच्या प्लास्टिकच्या पिशवीत! सकाळी टपरी उघडली तर फळीवर पिशवी आणि आत चिठ्ठी, 'आता तू.' ऑपरेशनला चाललोय हे आईला सांगितलंस, शेजाऱ्यांना सांगितलंस, मला नाही. आता बारीक व्हायचं तेही तुझ्या पाठोपाठ?

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर फोटो नको.

आदमास्तोर


२७ डिसेंबर

जुरांदीर,

तुझं उत्तर आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारणीनेही ऐकलं. 'तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस, आणि तू अडवलं असतंस तर मी थांबलो असतो.' आई रडली. दालवानेही डोळे पुसले. मला राग आला, कारण वाक्य चांगलं आहे. आपल्या घरातली सगळी चांगली वाक्यं तुझ्या वाट्याला आली आहेत.

पुढे लिहितोस की कातडं लोंबतं, आरशात बघवत नाही, आणि तिकडे कुरिचिबासारख्या मोठ्या शहरात तू हसलास तर कोणी वळूनही पाहत नाही. मला समजवायला लिहिलंस की माझी दया यावी म्हणून? दोन्ही झालं नाही. मला त्या लोंबत्या कातड्याचाही हेवा वाटला, घे.

दवाखान्याला मी हो कळवलंय. याचा अर्थ ठरलं असा घेऊ नकोस. जागा धरून ठेवलीय एवढंच. त्यांची अट आहे: पंधरा जानेवारीला वजन एकशेअठराच्या खाली पाहिजे. नसेल तर माझी तारीख पुढच्या माणसाला, आणि मी परत रांगेच्या शेपटाला. म्हणून हळूहळू उतरवतोय. दर मंगळवारी ते आम्हा जाड्यांना गोल करून बसवतात आणि कॉफीच्या इवल्याशा कपाने घोट घोट पाणी प्यायला शिकवतात. पुढे सगळं त्याच मापाने घ्यायचं म्हणे. नाताळला आईने डुकराची अख्खी तंगडी भाजली होती, दुधात भिजवून तळलेल्या पावांचा ढीग होता, आणि मी टेबलाच्या टोकाला बसून बाहुलीच्या कपातून पाणी पीत होतो. आईला वाटलं मला काहीतरी झालंय. तिला सगळं सांगितलं आणि बाहेर बोलू नकोस म्हणून शपथ घातली.

आता खरी गोष्ट. काल ओझोरिओशेठ टपरीवर आला. पशुखाद्याचं दुकान त्याचं अजून तसंच आहे, आणि कार्निव्हल समितीचा अध्यक्षही अजून तोच. फळीवर कोपर टेकून म्हणाला, "काय राजे, गालफडं बसल्यासारखी दिसतात."

"दाढ दुखतेय."

"बरं बरं. यंदा काट्यावर उभा राहतोस ना? कारण नव्या नगराध्यक्षबाईंचं म्हणणं असं की एकशेवीसचा कोणी नसेल तर नियमच काढून टाकू. निरोगी मोमो! बाईंना कल्पना फार आवडलीय. म्हणाल्या, त्या जुरांदीरला बोलवा कुरिचिबाहून, चांगला बारीक झालाय. आणि खरंय रे, तो हसायचा तेव्हा ढोलवाले वाजवायचे थांबायचे."

"आणि मी हसतो तेव्हा?"

"तू ना? तू छानच हसतोस," शेठ म्हणाला, आणि त्याने घड्याळात पाहिलं.

दिवसभर माझ्या हातून एक किल्ली धड कापली गेली नाही. जाड होतास तेव्हा तू राजा. कंटाळा आला म्हणून मुकुट पिशवीत घालून टाकून गेलास. आता बारीक झालास तरी राजा तूच! मग मधली चार वर्षं मी काय फक्त खुर्ची गरम ठेवत होतो? मी मरमरून एकशेवीसच्या वर राहिलो, जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी राहिलो, आणि आता वजन लागतच नाही म्हणे.

एवढंच सांग: त्यांनी तुला विचारलं का, आणि तू हो म्हणालास का?

आ.


११ जानेवारी

जुरांदीर,

'मी अजून हो म्हटलेलं नाही.' एवढ्या मोठ्या पोस्टकार्डावर एवढंच? त्यातला 'अजून' मी किती वेळा वाचला ते तुला सांगत नाही.

तर ऐक. तुला हो म्हणायची वेळच येणार नाही. काल शेठच्या दुकानात वजनं झाली. वजनं कसली, वजन. काट्यावर उभा राहायला माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. पोत्यांचा तोच काटा, तीच धूळ, तू उभा राहायचास तेव्हा लावायचे तोच बँड. काटा एकशेवीसच्या पुढे जाऊन थांबला आणि शेठ ओरडला, "राजा जिवंत आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही काट्यावर उभ्या उभ्या, डोकं मागे टाकून, अगदी पोटातून हसलो. ढोलवाले थांबले नाहीत. एकाने फक्त काठी बदलली.

आता तुला म्हणून सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं खरं वजन आहे एकशेसतरा. बाकीचं बाबांचं आहे. त्यांचा मासे धरायच्या गळांचा डबा आठवतो, त्यातले शिशाचे गोळे? आईने ते माझ्या चांगल्या पँटच्या कमरेत आणि पायांच्या दुमडीत शिवले. मी तिला सांगितलं नव्हतं हं. मी फक्त म्हटलं, "आई, यंदा मुकुट जातो बहुतेक." तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "माझ्या पोराचा एक कार्निव्हल हातचा जात असेल तर बाबांचे गोळे काय नुसते डब्यात ठेवायचे?" बघ, माझ्यासाठी तिने हे केलं. तुझ्यासाठी कधी काही शिवलं होतं का तिने? तुला गरजच पडली नाही म्हणा.

पुढचं मी असं ठरवलंय: पंधरा तारखेला दवाखान्याच्या काट्यावर हलका, काल शेठच्या काट्यावर जड, दोन्हीकडे पास! ऑपरेशनची तारीख हातात राहील आणि मुकुटही. मग डॉक्टरांना हातापाया पडून सांगायचं की कार्निव्हल उलटल्यावर लगेच करा. ऐकतील. नाही ऐकलं तर बघू. निदान तू तरी कुरिचिबातच राहशील.

आ.


१७ जानेवारी

जुरांदीर,

हे सगळं तुझ्या कानावर आलंच असेल. इथलं सगळंच तुला कळतं. पण आधी माझ्याकडून ऐक, कारण बाकीचे हसत हसत सांगतील.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे चांगली पँट घालायची हे आईने आपल्याला मारून मारून शिकवलंय. आणि माझ्याकडे मला होणारी चांगली पँट एकच आहे. आई म्हणाली, शिसं काढलंय. काढलं होतंच, कमरेतलं. पायांतलं ठेवलं होतं. नंतर म्हणते, "कार्निव्हलच्या आधी शेठने परत तोललं तर? म्हणून राहू दिलं, राजा." तू म्हणशील, गाढवा, पायांना किलो किलोचं ओझं लटकतंय आणि तुला कळलं नाही? नाही कळलं. माझे पाय सुजलेले असतात. ते रोज तेवढेच जड असतात. तू विसरला असशील.

पंधराला दवाखान्यात वजन घ्यायला झुलैदेबाई होत्या. ओझोरिओशेठची बायको. बूट काढले, पट्टा काढला, काट्यावर चढलो. चढताना पँटची दुमडी लोखंडी पाटीला लागली आणि ठक्क वाजलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. काट्यावर एकशेएकोणीस.

"अहो, हे काय!" बाई म्हणाल्या. "मागच्या मंगळवारी किती छान होतं! नाताळचं उरलंसुरलं खाल्लंत ना? खरं सांगा. नियम माझा नाही हो आदमास्तोर, मला पुढच्या माणसाला फोन करावाच लागेल."

तोंड उघडायचं होतं फक्त. 'बाई, पँटमध्ये शिसं आहे.' पण हे बाईंना सांगितलं की जेवायच्या आत शेठला कळणार. शेठला कळलं की मी बाद. मी बाद की नियम गेला, आणि नियम गेला की तू. एवढं सगळं त्या काट्यावर उभ्या उभ्या माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी म्हणालो, "ठीक आहे बाई. करा फोन."

बूट बाईंनीच घालून दिले. मी बाहेर आलो आणि दाराजवळच्या बाकावर बसलो. तुला सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. मुकुट माझा. तू कुरिचिबात. मला भूक लागली. घरी जाऊन आईच्या हातचे चीजचे गोळे खायचे, मोजायचे नाहीत, असं ठरवलं. उठायला लागलो तर उठताच येईना. तो बाक खोल आहे. दोनदा झोका घेतला, परत बसलो. धाप लागली. आणि तसा बसलेला असताना मला माझी अंत्ययात्रा दिसली.

हसू नकोस. स्वच्छ दिसली. टेकडीवरच्या कब्रस्तानाचा तो चढ, आणि माझी पेटी. सहा जणांना झेपत नाही म्हणून आठ जण. सगळे घामाघूम, शेठ मागून ढकलतोय. आणि सगळ्यांत पुढे, उजव्या बाजूला, कोण? तू! काळा सूट, कंबर एवढीशी, आणि चढावर तुझा श्वाससुद्धा फुललेला नाही. बायका एकमेकींना म्हणतायत, "जुरांदीर बघ किती हलका चढतो. भावाने ऐकलं असतं तर!" वर पोहोचल्यावर दालवाने तुला कॉफी दिली. आईने तुझा हात धरला. माझ्या खड्ड्याशी तू दोन शब्द बोललास, आणि ते अर्थातच चांगले होते, सगळे रडले. आणि निघताना तुझ्या एका बुटाची नाडी सुटली, तर तू तिथेच, माझ्या थडग्यावर पाय ठेवून, ती बांधलीस.

माझं डोकंच फिरलं! माझ्या मयताचा मानही तूच खाणार? मी म्हटलं, हे होऊ देणार नाही. कसा उठलो मला ठाऊक नाही, पण उठलो. आत गेलो. झुलैदेबाईंच्या कानाला फोन लागलेला होता.

"फोन ठेवा," मी म्हटलं. "परत वजन घ्या."

"अहो, काटा तोच आहे, दोन मिनिटांत काय फरक—"

मी पँट काढली. हो, तिथेच. काढली आणि त्यांच्या टेबलावर टाकली. दगड टाकल्यासारखा आवाज झाला. बाईंनी दुमडी चाचपली, माझ्याकडे पाहिलं, परत दुमडी चाचपली. काटा एकशेसतरावर थांबला.

"आदमास्तोर," बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या काट्यावर हेच घालून उभे होतात का?"

"हेच आणि कमरेत आणखी."

मग त्या हसल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली ती डॉक्टर पोरगी बघायला आली आणि मी चड्डीवर उभा. तारीख राहिली, गुरुवारचीच. बाई म्हणाल्या, मी कोणाला सांगणार नाही. जेवायच्या आत शेठला कळलं होतं.

दुपारी तो टपरीवर आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. बराच वेळ फळीवरच्या किल्ल्या इकडेतिकडे करत राहिला. मग म्हणाला, "आता मात्र जुरांदीरला विचारावं लागेल रे." मी म्हटलं, "विचारा." मशीन चालू केलं, म्हणजे पुढे काही बोलता येऊ नये.

आ.


४ फेब्रुवारी

दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "तू नको म्हण, मी येणार नाही. खरंच नाही येणार." खोटं कशाला बोलू, 'नको' माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं, पण आई समोर उभी होती म्हणून नव्हे. तुझा आवाज ऐकून कळलं की तुला यायचंय, फार यायचंय, चार वर्षं झाली तुला यायचंय, आणि तुझी विचारायची हिंमत झाली नाही. मला वाटायचं हेवा फक्त मी करतो. म्हणून 'ये' म्हणालो. लगेच पस्तावलोही, पण तोवर आईने फोन हिसकावून घेतला होता.

या खोक्यात मुकुट आहे. बेकरीच्या त्याच पिशवीत घातलाय, मी ती फेकली नव्हती. चिठ्ठी घातलेली नाही, ती तुझीच खासियत. झगा आईने उसवून निम्मा केला, तरी तुला ढगळच होईल. बाबांचे गोळे तिने आता त्याच्या काठात शिवलेत, कारण तिचं म्हणणं, एवढा बारीक राजा, वारं आलं तर झगा उडून डोक्यावर जाईल. हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! गावाची किल्ली यंदा मी देवदाराची केलीय, हातभर लांब. शुक्रवारी नगराध्यक्षबाई तुला देतील. दात मी कापलेत, तेवढं लोकांना सांग.

मुकुट उसना आहे. पुढच्या वर्षी मी तुझ्याएवढा असेन. मग दोघांनी शेठच्या काट्यावर शेजारी शेजारी उभं राहायचं, आणि वजन लागणार नसेल तर हसण्यावर निकाल लावायचा. मी आत्तापासून टपरीत सराव करतोय. काल एक बाई किल्ली न घेताच निघून गेली.

आता एक काम. तुझी बस गुरुवारी सकाळी जिल्ह्याच्या गावावरून येते. तिथेच उतर. ऑपरेशनचा मोठा दवाखाना स्टँडला लागून आहे. मला आत नेण्याआधी दोन मिनिटं भेटू देतात, मी विचारून घेतलंय. पण साधा येऊ नकोस. मुकुट घालून ये, झगा घालून ये, लोक बघतील तर बघू देत. आणि माझ्या डोळ्यांसमोर उभा राहून हस, तुझं ते, ढोल थांबायचे ते.

दालवा तिथे केरसुणीचा दांडा आणू शकणार नाही. तुझ्यावर जळत जळत झोपलो, तर उठायचं माझ्या लक्षात राहील.

तुझा,
आदमास्तोर